चामड्याची उलटी बाजू

इतिहास म्हटला की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे शिलालेख येतो, ताम्रपट येतो, नाहीतर तलवार येते. मी जोड्याबद्दल लिहिणार आहे. पायातल्या जोड्याबद्दल. तोही साधा काळा बूट नव्हे. वस्तीतली कॉलेजची पोरं आणि सूतगिरणीतली माझ्याबरोबरची पोरं जयंतीच्या तोंडावर जुन्या बाजारातून घासाघीस करून जो मखमलीसारखा लवेचा जोडा आणतात, तो. दुकानदार त्याला स्वेड म्हणतो. त्याचाच एक भाऊबंद आहे, नूबक. हा जोडा राखायचा कसा, असं मला चारचौघांनी विचारलं. एकानं तर तो सरळ नळाखाली धरला होता, साबण लावून. दुसऱ्या दिवशी जोडा पापडासारखा कडक. मी त्यांना रीत सांगितली. आणि रीत सांगताना एक गोष्ट ध्यानात आली. जोडा पुसायची एकेक रीत मागं मागं नेत गेलं, तर ती थेट आपल्या महारवाड्यात, ढोरवाड्यात, चांभारवाड्यात, मांगवाड्यात जाऊन पोचते. म्हणून हा इतिहास. बखरीत तो नाही, पायात आहे.

जनावराच्या कातड्याला दोन बाजू असतात. एक केसाची, एक मांसाची. केसाची बाजू बाहेरची. ऊन, पाऊस, काटे, चाबूक सगळं तिनंच सोसलेलं. तिथले तंतू बारीक आणि घट्ट. आत जावं तसे तंतू जाड आणि मोकळे होत जातात. साहेबाचा चकचकीत बूट केसाच्या बाजूचा, वर रंगाचा आणि रोगणाचा थर दिलेला. नूबकही केसाच्याच बाजूचं. फक्त कारखान्यात ती बाजू काचकागदाने हलकी घासतात, तेव्हा तिच्यावर बारीक, आखूड लव उठते. स्वेड मात्र मांसाच्या बाजूचं. नाहीतर जाड चामडं यंत्रावर आडवं चिरून जो आतला पापुद्रा निघतो, त्याचं. त्याची लव लांब, मोकळी, बोटाने लिहिलं तर अक्षर उमटावं अशी.

मी कार्डिंग खात्यात आहे, म्हणून मला हे चटकन कळलं. आमच्याकडे हजारो बारीक तारांच्या दातांनी कापूस विंचरतात. गुंता सुटतो, कचरा खाली पडतो, तंतू एका दिशेला येतात. फलालीनच्या कापडाची लवसुद्धा तारेच्या रुळांनीच उचलतात. स्वेड म्हणजे चामड्याचं फलालीन समजा. ज्याला तंतू कळतो त्याला हा जोडा कळतो.

नाव कुठून आलं तेही बघा. फ्रेंच भाषेत स्वीडन देशाला सुएद म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बड्या घरच्या बायका मऊ लवेचे हातमोजे घालत, त्यांना 'स्वीडनचे हातमोजे' म्हणत. पुढं हातमोजे मागं पडले आणि देशाचं नाव चामड्याला चिकटून राहिलं. देशाचं नाव राहिलं, दुकानाचं राहिलं. मांसाची बाजू खरवडून खरवडून ज्यांनी ती मखमल केली त्यांचं नाव कुठल्याही भाषेत राहिलं नाही.

आता आपल्या गावात या.

मराठीत कातडं 'कमावतात'. कच्चं ते कातडं, कमावलं की चामडं. पैसेही कमावतात. शब्द एकच. पण ज्यानं कातडं कमावलं त्यानं पैसे कमावले असं गावगाड्यात कधी झालं नाही. गावात बैल मेला की ओढायचा महाराने. सोलायचा महाराने. कातडं कमवायचं ढोराने. चुन्यात भिजवून केस काढायचे, मांसाची बाजू खरवडायची, मग बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या पाण्यात ठेवायचं. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून ती टांगून ठेवायची, ते तुरट पाणी थेंब थेंब झिरपत राहायचं. ह्या कामाला आठवडेच्या आठवडे जात. मग चामडं चांभाराकडे. रापीनं कापायचं, आरीनं टोचायचं, शिवायचं. दोर, नाडे, चाबूक वळायचे मांगाने.

आता ह्या चौघांच्या हातून काय निघायचं? जोडा निघायचा, आणि निघायची मोट. मोटेचं कातडं महाराने सोललं, ढोराने कमावलं, चांभाराने शिवलं, नाडा मांगाने वळला. चौघांच्या हाताची ती मोट पाटलाच्या विहिरीत उतरायची, पाणी वर घेऊन यायची, आणि ते पाणी बाटत नव्हतं! चामडं पाण्यात बुडालेलं चालत होतं. ज्या हातांनी ते चामडं केलं तो हात विहिरीला लागला की विहीर बाटायची. ह्या देशातल्या धर्मपंडितांनी शुद्धाशुद्धतेवर गाडीभर पोथ्या लिहिल्या. पण ह्या एका मोटेचा हिशेब त्यांच्याकडून जुळला नाही. बाळू पालवणकर हा चांभार समाजातला गोलंदाज. पुण्यात सवर्ण खेळाडू त्याने टाकलेला चामड्याचा चेंडू हाताने झेलत होते, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या कपात चहा देत होते. तोच हिशेब.

पण मित्रांनो, इथं थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगून होते. अर्धी गोष्ट आपल्या सोयीची असते. दुसरी अर्धी अशी की ह्या एका कातड्यावर आपण चौघंही एकमेकांना खाली-वर मोजत होतो. सोलणारा खालचा, शिवणारा वरचा. चांभार महाराचं पाणी पीत नव्हता. महार मांगाला जवळ करत नव्हता. ढोर आपला वेगळा. बाबासाहेबांनी जातीला उतरंड म्हटलं ते उगीच नव्हे. वरून खाली येताना तुच्छता वाढत जाते आणि प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी मिळतो, म्हणून उतरंड टिकते. मोट एकत्र झाली, माणसं एकत्र झाली नाहीत.

एकत्र व्हायचा प्रयत्न झाला त्याचं काय झालं? बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या मंडळीत हरळय्या नावाचा चर्मकार होता. परंपरा अशी सांगते की बसवण्णांनी आपल्याला मानाने नमस्कार केला ह्याचं ऋण फेडायला हरळय्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्यांच्यासाठी पायताण केलं. आपण बोलताना म्हणतो ना, माझ्या कातड्याचे जोडे करून घालीन. त्यानं ते केलं. कीर्तनात ही गोष्ट लोकांना फार आवडते. डोळे पुसतात. पण पुढची गोष्ट तितकी सांगत नाहीत. त्याच हरळय्याच्या पोराचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या पोरीशी लागलं, तेव्हा राजाने दोन्ही बापांना हालहाल करून मारलं. चांभाराने आपलं कातडं काढून जोडा केला तर तो संत. त्यानं सोयरीक केली तर तो गुन्हेगार. मी ह्या दोन गोष्टी नेहमी बरोबर सांगतो. एकटी पहिली सांगायची नाही.

जोडा करणाऱ्याला जोडा घालायची मुभा होती का? 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण कुणासाठी केली ते आपल्याला ठाऊक आहे. सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही रीत देशात कितीतरी ठिकाणी होती. आपल्या माणसांच्या पायात हुकमानं बूट चढले ते लष्करात. मुंबई लष्करातल्या महार शिपायाला कवायतीला बूट घालणं भागच होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. म्हणजे ज्या घरात बाबासाहेब वाढले ते बूट घालणारं घर. पुढं महारांची लष्करभरती बंद झाली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. ती दारं बंद करणाऱ्यांनी आपली नोकरी काढली, आणि नोकरीबरोबर आपल्या पायातला बूटही काढून घेतला.

ही फार जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. त्यानं कायदा वाचावा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यात गुन्ह्यांची यादी वाढवली. दलिताला सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालायला अडवणं, हा गुन्हा म्हणून लिहावा लागला. चपलांचा हार घालणं हाही गुन्हा. मेलेलं जनावर उचलायला भाग पाडणं हाही. एकविसाव्या शतकातल्या संसदेला 'पायताण' हा शब्द कायद्यात घालावा लागतो, ह्याहून मोठा शिलालेख कुठला?

आणि त्याच वर्षी, ११ जुलै २०१६ ला, गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावची आपली पोरं मेलेली गाय सोलत होती. पिढीजात काम. गाय मारली असा आळ घालून त्यांना मारलं, उन्यात नेऊन गाडीला बांधून भर रस्त्यात फोडून काढलं. मग सुरेंद्रनगरच्या लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. तुमची आई आहे ना, तुम्ही उचला! एप्रिल २०१८ मध्ये मार खाल्लेल्या त्या कुटुंबाने बौद्ध धम्म घेतला.

उन्याचं उत्तर नवीन नव्हतं. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे त्याच परिषदेत सांगितलं गेलं. पाणी आणि कातडं, दोन्हींचा झगडा एकाच ठिकाणी उभा राहिला. पुढं नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी एक हकीकत सांगितली. मेलेली गुरं ओढणं सोडून महार आपलं नुकसान करून घेतात, चामडं, शिंगं, हाडं ह्यांचे इतके रुपये बुडतात, असा हिशेब कुणीतरी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं: एवढा फायदा आहे तर तुम्हीच घ्या, गुरं तुम्ही ओढा, वर पैसे मी देतो. पैसे घ्यायला कुणी पुढं आलं नाही.

इथं अभ्यासवर्गातला एक दोस्त मला म्हणाला, "अरे, मग आपण ते कातडं सोडलं ते सोडलं. आता ह्या जोड्याचं पुराण कशाला? ब्रश घेऊन जोडा घासायचा म्हंजे पुन्हा तिथंच गेलो की." मी म्हटलं, आपण सक्ती सोडली. गावकी सोडली. त्या कामातलं शहाणपण सोडलं असं कुणी सांगितलं? साल किती दिवस ठेवायची, कातडं कधी पलटायचं, कुठली बाजू कशाला सोसते, हे रसायनशास्त्र आहे. ते आपल्या बापजाद्यांनी शाळेत न जाता सिद्ध केलं. शास्त्र आपलं, घाण आपल्या नावावर. घाण परत करायची. शास्त्र कशाला परत करायचं?

ते शास्त्र दुसऱ्यांनी कसं नेलं तेही ऐका. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमच्या क्षारांनी कातडं कमवायचं पेटंट घेतलं. १८९३ त मार्टिन डेनिसने ती रीत सोपी केली, दोन हौदांचं काम एका हौदात आणलं. सालीच्या पाण्यात जे आठवडे लागायचे ते काम एक-दोन दिवसांवर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटरटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासला क्रोमचे प्रयोग केले. त्याच्या डोळ्यांपुढं काय होतं? मोटेचं चामडं! पाण्यात टिकणारं. आज तुमच्या पायातलं स्वेड बहुतेक करून क्रोमचंच असतं. हौदातून निघालेलं ओलं क्रोम चामडं निळं दिसतं, धंद्यात त्याला वेट ब्लू म्हणतात. पण त्या हौदाशी अजून कोण उभं आहे? ३१ जानेवारी २०१५ ला तमिळनाडूत राणीपेटला टॅनऱ्यांच्या सांडपाण्याच्या केंद्रात गाळाच्या टाकीची भिंत फुटली. शेजारी झोपलेले कामगार गाळाखाली गेले. दहा माणसं मेली. यंत्र बदललं, रसायन बदललं. गाळात कोण मरतो ते बदललं नाही.

आणि नाव कुणाचं होतं? दुसऱ्या महायुद्धात नेथन क्लार्क नावाचा अधिकारी ब्रह्मदेशात होता. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या पायात त्यानं कैरोच्या बाजारात शिवलेले स्वेडचे बूट बघितले. त्यावरून त्याच्या घरच्या कंपनीचा डेझर्ट बूट निघाला आणि १९४९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडला गेला. बूट जगभर गेला. कैरोतला मोची कोण, कुणी विचारलं नाही. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तरी जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीने तशीच चप्पल मांडली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाल्यावर मग कबूल केलं.

स्वेडच्या जोड्यावरून जगात एक गाणंही गाजलं, 'ब्लू स्वेड शूज'. १९५५ च्या डिसेंबरात कार्ल पर्किन्सने ते मेम्फिसला रेकॉर्ड केलं. हा गोरा होता, पण दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या घरातला, लहानपणी कापूस वेचलेला. गिटार तो एका म्हाताऱ्या काळ्या शेतमजुराकडून शिकला. गाण्याचा मुद्दा एवढाच की माझ्या जोड्यावर पाय देऊ नकोस. श्रीमंताला हे गाणं गंमतीचं वाटेल. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा धड जोडा घेतला आहे त्याला ते वेगळं ऐकू येतं.

तर आता जोडा राखायचा कसा. कोल्हापुरात सुभाषनगरात एका म्हाताऱ्या कारागिराजवळ मी रविवारी जाऊन बसतो. त्यांना मी तात्या म्हणतो. तात्यांनी स्वेड कधी शिवलं नाही, पण हातात घेऊन अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही मांसाची बाजू हाय. हिला पाणी नको, घाई नको, आन् तेल तर नकोच." सगळी रीत ह्या तीन शब्दांत आली.

पाणी का नको? चकचकीत बुटावर थर असतो, स्वेडचे तंतू उघडे असतात. ते पाणी शोषतात. वाळताना पाणी मळ कडेला घेऊन जातं, तिथं वर्तुळ उमटतं, आणि तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. पावसात भिजला तर कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका. आत कोरा कागद कोंबा. वर्तमानपत्राची शाई फिक्या जोड्याला लागते. सावलीत, वाऱ्याला ठेवा. उन्हात नको, चुलीशी नको, कातडं आखडतं. "आमी कमावल्यालं कातडं कधी उन्हात टाकलं न्हाई," तात्या म्हणाले. वर्तुळ उमटलंच, तर दमट स्पंजाने तो सगळा भाग एकसारखा ओलसर करायचा आणि हळू वाळू द्यायचा. एकट्या डागावर पाणी घासलं तर दुसरं वर्तुळ उठतं.

घाई का नको? जोडा पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. ओली माती वाळू द्या, मग जोड्याचे तळ एकमेकांवर आपटा, मग मऊ ब्रश एका दिशेनं. नंतर उलट दिशेने हलका फिरवून लव उचला. पितळी तारेचा ब्रश फक्त स्वेडला, तोही कडक झालेल्या जागी, हलक्या हाताने. नूबकला तार लावू नका. त्याची लव आखूड आहे, साल उघडी पडेल. कार्डिंगमध्ये आम्ही शिकतो तेच इथं: काम जोराने होत नाही, फेऱ्यांनी होतं. घासून घासून काळी, चकाकती झालेली जागा पोरांच्या पांढऱ्या खोडरबराने घासा. लव अगदीच बसली असेल तर किटलीची वाफ लांबून द्या आणि ब्रश करा.

तेल का नको? कोल्हापुरी चप्पल तेल पिते आणि खूश होते, कारण ती सालीवर कमावलेली, केसाच्या बाजूची. स्वेडवर तेल किंवा पॉलिश लावलं की लव चिकटते आणि जोडा काळवंडतो. भज्याचं तेल किंवा मशीनचं ऑइल सांडलं तर आधी टिपा. मग खडूची पूड, टाल्कम पावडर, नाहीतर मक्याचं पीठ दाबून रात्रभर ठेवा. पूड तेल ओढून घेते. सकाळी ब्रश. एकदा नाही गेलं तर पुन्हा. घामाचा पांढुरका डाग किंवा पावसाळ्यातली बुरशी असेल तर बाहेर मोकळ्यावर नेऊन आधी कोरडं झटका, मग पांढऱ्या व्हिनेगरने दमट केलेल्या फडक्याने टिपा आणि सावलीत वाळवा. कुठलीही गोष्ट आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघायची. प्लास्टिकच्या पिशवीत जोडा कोंडायचा नाही, कापडी पिशवीत ठेवायचा. पाणी अडवणारा फवारा बाजारात मिळतो, तो स्वच्छ, कोरड्या जोड्यावर, लांबून, उघड्या हवेत मारायचा.

आणि आपल्यासाठी खास: १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळी पूड उडते, ती लवेत जाऊन बसते. ओलं फडकं फिरवलं की रंग आत मुरला म्हणून समजा. जोडा पालथा धरून आपटा, कोरड्या ब्रशने झटका, मग खोडरबर. नाहीच गेला तर राहू द्या. तो डाग मी तरी डाग धरत नाही.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच सगळं लिहिलं. हा जोडा प्रत्येकानं आपला आपण साफ करायचा. आईकडे द्यायचा नाही, बायकोकडे द्यायचा नाही, धाकट्या भावाला सांगायचं नाही. दुसऱ्याचं पायताण उचलणं ही आपल्यावर लादलेली गुलामी होती. ती घरातल्या घरात पुढं चालवायची नाही. टाका उसवला, तळ सुटला तर स्टँडवर जो बसतो त्याच्याकडे जायचं. जाऊन "ए चांभार" नाही म्हणायचं. तात्या म्हणा, काका म्हणा, तुम्ही म्हणा, आणि सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. दुकानातल्या काचेला आपण भाव विचारत नाही, रस्त्यावरच्या आरीला मात्र विचारतो. ही उतरंड आपल्या तोंडात अजून बसली आहे.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका कार्यक्रमाच्या तयारीला बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, चर्मकार मंडळींना बोलवायचं का, ते आपल्यात येतात कुठं? दुसरा म्हणाला, मातंगांचं वेगळं असतं. निळ्या झेंड्याखाली बसून हे बोलणं चाललं होतं. मी तेव्हा ह्या मोटेची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक पोरगा उठला आणि तिन्ही वस्त्यांत जायची यादी करायला लागला.

जोड्यावरची धूळ ब्रशने जाते. आपल्या चौघांमधली धूळ कोण झटकणार? वरचे नाही झटकणार, त्यांचं तर तिच्यावरच चाललंय. ज्या चौघांनी मिळून मोट केली त्यांना पाणी मिळालं नाही, कारण ते मोटेपुरते एकत्र आले आणि विहिरीशी वेगळे झाले. येत्या जयंतीला जोडा साफ करायला बसाल तेव्हा अंगठा फिरवून ती मांसाची बाजू बघा. तिथं चौघांचे हात लागलेत. कुठला हात कुणाचा, ते तुम्हाला ओळखता येणार नाही.

जयभीम.